पुनर्वसन घरांचे, तसे मनांचेही

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. पुढे गावे उठली. घरादारांचा, शेतांचा मोबदला ठरला. परंतु मुलांची सुटलेली शाळा, तुटलेला शेजार आणि बापाच्या चिंतेने विसकटलेली घराची घडी कोणत्या पंचनाम्यात मांडावयाची? अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसून आले की, बालपणी घरात सोसलेले आघात जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा व व्यसनाचा धोका अधिक. तेव्हा मनाचे आरोग्य हा केवळ इस्पितळाचा प्रश्न नव्हे. गाव हलविताना शेजार एकत्र राखणे आणि शाळेत खंड पडू न देणे, हाही त्याचाच उपचार होय. सरकारने तो पुनर्वसनाच्या आराखड्यातच घालावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.