इमर्जन्सी पेशंटकडे हॉस्पिटल डिपॉझिट मागू शकतं का?

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने जाहीर केलं की, यापुढे इमर्जन्सीमध्ये येणाऱ्या रुग्णाकडून डिपॉझिट घेतलं जाणार नाही. त्याआधी एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर, तिच्या कुटुंबाकडे १० लाख रुपये मागितल्याचा आरोप रुग्णालयावर झाला होता आणि शहरात आंदोलनं पेटली होती.

पण ही सवलत नवी नव्हतीच.

हे धर्मादाय रुग्णालय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झालेली योजना अशा रुग्णालयांना सांगते: तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्या, जीव वाचवणारे उपचार द्या, डिपॉझिट मागू नका. १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव, हेही त्यातच आहे. म्हणजे जे २०२५ मध्ये 'निर्णय' म्हणून जाहीर झालं, ते १९ वर्षं बंधनकारकच होतं.

इतर खासगी रुग्णालयांचं काय? शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्यांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. खाट, आयसीयू, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, सगळ्यांचे दर त्यात हवेत. दर किती असावा यावर मात्र मर्यादा नाही. तो फक्त दाखवायचा. अनेकांना हा फरक बिल हातात पडल्यावर कळतो!

पुणे शहरात या रुग्णालयांची नोंदणी महापालिका करते, त्यामुळे तक्रारही तिच्याच आरोग्य विभागाकडे करायची. धर्मादाय रुग्णालयाने योजना पाळली नाही, तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात.