चंदनाची स्तुती आता पुरे

एखाद्या घरची आई वारली की शोकसभेत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ती कुटुंबासाठी चंदनासारखी झिजली. श्रोते डोळे पुसतात, वक्ता खाली बसतो. तिला झिजविले कोणी, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही. चंदन आपण होऊन झिजत नाही. ते सहाणेवर कुणीतरी घासावे लागते. ती सहाण आपले घर असेल, तर स्तुती करण्याआधी आपण क्षणभर मान खाली घालावयास हवी, असे आम्हांस वाटते.

स्वतःची निगा राखणे म्हटले की आपल्या घरांत दोनच अर्थ निघतात. कुणाला तो आपमतलबीपणा वाटतो, तर कुणाला पैसेवाल्यांचा शौक : ब्यूटी पार्लर, महागडी क्रीमे, लोणावळ्याचे रिसॉर्ट. आम्हांस दोन्ही अर्थ अमान्य आहेत. पुरेशी झोप, वेळेवर गरम जेवण, अंगाला थोडी हालचाल, दुखण्याची वेळीच तपासणी आणि दिवसातून काही निवांत क्षण, एवढाच तिचा अर्थ. यासाठी पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ. आणि नेमका तोच घरातल्या बाईपाशी नसतो.

केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीचे आकडे बोलके आहेत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत त्यांत भरच घालते, हे सांगावयास डॉक्टर कशाला हवा?

“पण तिला अडविले आहे कोणी? खुशाल विश्रांती घ्यावी,” असे घरचे कर्ते पुरुष म्हणतात. हा युक्तिवाद फसवा आहे. तिला अडविले कुणी नाही हे खरे; पण तिच्या हातातले काम घेतलेही कुणी नाही. ती अर्धा तास आडवी झाली तर भांडी तशीच तिची वाट पाहत राहतात. अशी विश्रांती म्हणजे पुढे ढकललेले काम. म्हणूनच नव्या वर्षी ठरविलेला चालण्याचा नेम फेब्रुवारीत मोडतो, आणि दोष मात्र तिच्या आळसाला दिला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, कारण तो श्रद्धेच्या नावाने घेतला जातो : त्याग हाच ख्रिस्ती जीवनाचा आत्मा नव्हे काय? आहे. पण त्याग स्वतः होऊन करावयाचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नसतो. खचून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, आणि तेही दोनदा. मग तो चाळीस दिवसांची वाट चालला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम घालून दिले, त्यांत उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर पडण्याची मुभा आहे; ज्याला वाचावयाचे असेल त्याने इतरांची झोप न मोडता वाचावे, अशी ताकीदही आहे. विश्रांतीच्या आज्ञेत तर गुराढोरांचाही उल्लेख आहे. आणि आपल्याकडे? मिस्सा आटोपून सारे घर पाय पसरते, तेव्हा मटणाचा रस्सा, पाहुणे आणि भांड्यांचा ढीग यांमुळे आईचा रविवार आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस ठरतो!

तेव्हा नेम टिकावा असे वाटत असेल, तर तो तिने एकटीने करावयाचा नाही; घराने करावयाचा आहे. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणे. हे सारे एकदम अंगावर घेऊ नये. आधी एकच गोष्ट धरावी. ती रोजच्या ठरलेल्या घटकेला बांधावी. उदाहरणार्थ, संध्याकाळचा कुकर उतरला की चपला पायात. पाऊस असेल, अंग मोडून आले असेल, त्या दिवशी दहा मिनिटे अंगणात फिरावे. पण एक दिवस चुकला म्हणून नेम मोडू नये. आणि मुख्य म्हणजे, त्या अर्ध्या तासात पोळ्या कोण लाटील, म्हाताऱ्यांना औषध कोण देईल, हे नावानिशी ठरलेले असावे. मुलग्यांची नावे त्यांत आधी यावीत. वर्षातून एकदा तिचे रक्त, रक्तदाब आणि साखर तपासण्याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी.

यात अशक्य काय आहे? लग्नाच्या मंडपासाठी महिनोन्महिने आखणी करणारी आपण माणसे अर्ध्या तासाची आखणी करू शकत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही. येत्या रविवारी जेवणानंतरची भांडी कोण घासणार, हे शनिवारी रात्रीच ठरवा. तिची जिवंतपणी एवढी तरी कदर होऊ द्या.