ड्रायव्हर आधी चढवा

मंडळी, ड्रायव्हर म्हटलं की माझ्या पिढीला एसटीचाच आठवतो. पण मध्यंतरी एका वेगळ्याच ड्रायव्हरनं आमचा पूर्ण दिवस खाल्ला.

अंबड तालुक्यातल्या एका शाळेला पंधरा जुने संगणक देणगीत मिळाले. सीडी ड्राइव्ह एकालाही नाही. जालन्यात शिकणारा माझा नातू म्हणाला, "आजोबा, एका मशीनवर विंडोज ठेवतो, बाकीची नेटवर्कवरून ओढून घेतील." या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. इंटेलनं १९९९ साली तिची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, म्हणजे ही काही नवी जादू नव्हे.

सुरुवात झकास झाली आणि लगेच नेटवर्क गायब! "मशीनच खराब, भंगारात घाला," असा निकाल तिथल्या तिथे लागला.

खराबी नव्हतीच. सुरुवातीची फाइल आणण्यापुरती अक्कल कार्डातच असते. मग विंडोजचा छोटा अवतार ताबा घेतो. त्याच्याकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर नसला की संपर्क तुटतो. म्हणजे एसटीनं फाट्यापर्यंत आलो, पुढे गावात जायला जीप नाही. ड्रायव्हर सर्व्हरवर आहे, पण तिथवर पोचायलाच ड्रायव्हर हवा. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

नातवानं कार्डाचा हार्डवेअर आयडी शोधला. सेटअपची फाइल इथे चालत नाही, आयएनएफ फाइल लागते. ती मिळवून डिझम या आज्ञेनं 'बूट डॉट विम'मध्ये घातली. एकदाच. संध्याकाळपर्यंत पंधराही मशीन सुरू.

लिनक्सवाल्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. अशा कार्डांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर डेबियन आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तत्त्व म्हणून ठेवत नसे. २०२२ साली सभासदांनी मतदान केलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. मला हा निर्णय पटतो. दारातच अडलेल्या माणसाला तत्त्व सांगून काय उपयोग?

तो 'खराब' शब्द मात्र मला लागला. नोकरीत मीही काही पोरांना घाईनं 'ढ' म्हटलंय. घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी, आणि मधला दुवा मी दिलाच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: संगणक देणाऱ्यानं सोबत ड्रायव्हरही द्यावा, आणि शाळेनं डेडस्टॉक रजिस्टरात किमतीशेजारी नेटवर्क कार्डाचा नंबर लिहावा. एका ओळीचं काम आहे.

असो. तुमच्याकडे काय अनुभव? जरूर कळवा.