षटकारानंतरचा नाच आणि मुलांची नजर

आयपीएल सुरू झाली की कोल्हापुरातही रात्रीचं जेवण टीव्हीसमोर सरकतं. आजोबांपासून नातीपर्यंत सगळे एकत्र बसून पाहतात अशा मोजक्या गोष्टींत क्रिकेट अजून टिकून आहे. म्हणूनच षटकार गेला आणि कॅमेरा तोकड्या कपड्यांतल्या नर्तिकांकडे वळला की आईबापांची चुळबुळ होते. कुणी रिमोट शोधतं, कुणी मुलीला पाणी आणायला पाठवतं. ही चुळबुळ जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. मात्र ती नेमकी कशाबद्दल असावी, हे तपासायला हवं.

२००८ च्या पहिल्याच हंगामात महाराष्ट्रात यावरून वाद पेटला होता. तत्कालीन गृहराज्यमंत्री सिद्धराम म्हेत्रे यांनी हा प्रकार अश्लील ठरवला, संस्कृतीचा दाखला दिला. चर्चा सगळी कपड्यांच्या लांबीभोवती फिरली. पुढे पुणे वॉरिअर्स संघाने भारतीय वेशातल्या नर्तिका आणून पाहिल्या. कापड वाढलं, मांडणी तीच राहिली: पुरुष खेळणार, बायका सीमारेषेबाहेर नाचणार आणि कॅमेरा त्यांच्या अंगावरून फिरणार. गंमत अशी, की चिअरलीडिंगची सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १८९८ मध्ये एका पुरुष विद्यार्थ्याने केली. आज तिकडे त्यात अवघड कसरती होतात. आपल्याकडे येताना कसरत बहुतेक गळाली, शोभा तेवढी उरली.

आरोग्याच्या दृष्टीने खटकते ती ही मांडणी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने २००७ मध्ये मुलींच्या लैंगिकीकरणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. बाईची किंमत तिच्या आकर्षकपणावर ठरते, हे चित्र सतत डोळ्यांसमोर राहिलं तर मुली स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागतात. त्याचा संबंध खाण्याचे विकार, ढासळलेला आत्मविश्वास आणि नैराश्य यांच्याशी दिसतो, असं त्यात म्हटलं आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. विद्यार्थी-विद्यार्थिनींना एकेकट्याने खोलीत आरशासमोर पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला देऊन गणितं सोडवायला लावली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरीही पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे गुण कमी आले. मुलग्यांचे तसे घटले नाहीत. स्वतःच्या शरीरावर पहारा देण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, असा याचा अर्थ लावला जातो.

अर्थात, २००७ चा तो अहवाल आयपीएलच्या आधीचा आहे. चार षटकार पाहून कुणी मूल आजारी पडत नाही. जाहिराती, रील्स, सिनेमातली गाणी यांच्या ढिगात हा नाच आणखी एक थर घालतो, इतकंच. पण तो कुटुंबाच्या बैठकीत, सगळ्यांच्या मूक संमतीने घातला जातो. शेजारी बसलेला मुलगाही काही शिकत असतोच.

दोष नाचणाऱ्या मुलींच्या माथी मारणं मात्र सोपं आणि चुकीचं. २०११ मध्ये खेळाडूंच्या पार्ट्यांतल्या वागण्याबद्दल लिहिणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या एका चिअरलीडरला स्पर्धा अर्धवट सोडून मायदेशी जावं लागलं होतं. नाचाशिवाय खेळ रंगत नाही, हेही खरं नाही. पहलगाम हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ चा हैदराबादचा सामना चिअरलीडर्स आणि आतषबाजीविना झाला. खासबागेत तर हलगी कडाडली की अंगावर काटा येतो. त्यासाठी कुणाला कंबर हलवावी लागत नाही.

घरात काय करावं? चॅनल बदलून गप्प बसल्याने मुलाला एवढंच कळतं, की हा विषय बोलण्याचा नाही. त्यापेक्षा साधं विचारावं: ‘कॅमेरा हिच्याकडे असाच का दाखवतो, तुला काय वाटतं?’ आठ-दहा वर्षांचं मूल यावर नीट बोलू शकतं. त्यासोबत महिलांचे सामनेही घरात लागायला हवेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं, इथल्याच अनुजा पाटीलने भारतासाठी क्रिकेट खेळलं. मुलीला शरीर काय करू शकतं हे दाखवायला दूर जायची गरज नाही.

वयात येणारी मुलगी जेवण टाळू लागली, सारखी वजनकाट्यावर चढू लागली, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊ लागली किंवा तिची पाळी थांबली, तर ‘हल्लीचं फॅड’ म्हणून सोडून देऊ नये. तिला डॉक्टरांकडे न्यावं. मुलगा वजन वाढवायच्या पावडरींच्या आणि इंजेक्शनांच्या मागे लागला असेल, तर त्यालाही.