पिल्लांची ऊब आणि घरातली आग

भगिनींनो, थंडीत कोंबडीची पिल्ले आणली की घरोघरी एकच युक्ती: पुठ्ठ्याचे खोके, खाली भाताचे तूस आणि वर वायरला लोंबकळणारा १०० वॅटचा पिवळा बल्ब. ऊब हवीच, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण या बल्बची काच १५० अंशांच्याही वर तापू शकते. रात्री गाठ सुटून तो तुसात पडला, तर ज्वाळा लगेच दिसत नाही. तूस आतल्या आत धुमसते, आणि एका खोलीच्या घरात धूरच आधी जीव घेतो.

वायर वीज आणण्यासाठी असते, ओझे पेलण्यासाठी नव्हे. बल्ब साखळीने किंवा जाड तारेने आढ्याला बांधा, तुसापासून दीड फूट उंच. भोवती जाळी हवी. होल्डर चिनीमातीचा घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे; कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या.

पेट घेतलाच तर आधी मेन स्विच बंद, मगच पाणी. आणि वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो.