गोळी तीच, वेळ वेगळी

कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात शुगरची किंवा बीपीची गोळी कायमची चालू असलेली माणसे कमी नाहीत. चिठ्ठी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या डॉक्टरची, गोळ्या कारंज्याच्या दुकानातल्या. एखाद्या महिन्यात ठरलेली पट्टी संपलेली असते आणि काउंटरवरून उत्तर येते, ‘घटक तोच आहे, कंपनी दुसरी, पन्नास रुपये कमी.’ मजुरीवर चालणाऱ्या घरात पन्नास रुपये ही थट्टा नव्हे. माणूस पट्टी घेऊन एसटी गाठतो.

‘घटक तोच’ हे बहुतेक वेळा खरेच असते. पण पट्टीवर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, एमआर, सीआर यांपैकी काही छापलेले असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. या गोळ्या औषध एकदम सोडत नाहीत. मेटफॉर्मिन एसआरच्या बहुतेक गोळ्यांत पाण्याने फुगणारा पदार्थ असतो. पोटात गेल्यावर त्याचा चिकट गोळा होतो आणि त्यातून औषध तासन्‌तास पाझरत राहते. म्हणूनच दिवसातून दोन-तीनदा घ्यायची गोळी रात्रीच्या जेवणासोबत एकदाच घेतली तरी चालते. काहींना शौचात गोळीचे टरफल दिसते आणि औषध वाया गेले असे वाटते. ते रिकामे कवच असते.

घटक आणि आकडा पाहून केलेली अदलाबदल किती फसवी ठरू शकते, हे ग्लिक्लाझाइडवरून कळते. या औषधाची 30 मिलिग्रॅमची एमआर गोळी साध्या 80 मिलिग्रॅमच्या गोळीएवढे काम करते. ‘60 नाही, 80 आहे’ असे म्हणून एमआरच्या जागी साधी गोळी दिली, तर आकडा वाढलेला दिसतो, पण औषध जवळपास निम्मे झालेले असते. उलट अदलाबदलीत साखर घसरून रुग्णाला चक्कर येऊ शकते. यात जेनेरिकचा काही संबंध नाही, ब्रँडच्या दोन गोळ्यांतही हेच होईल. मुळात भारतात ‘ब्रँडेड’ म्हणून विकली जाणारी बहुसंख्य औषधेही जेनेरिकच आहेत, फक्त त्यांच्यावर कंपनीने ठेवलेले नाव आहे. महागडी पट्टी म्हणजे मूळ संशोधक कंपनीची, हा समज आधी सोडावा लागेल.

मग दोन कंपन्यांच्या एसआर गोळ्या सारख्या आहेत, हे ठरते कसे? निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तातील औषधाची पातळी ठरावीक वेळांनी मोजली जाते. एकूण किती औषध रक्तात गेले आणि सर्वोच्च पातळी किती झाली, यांची तुलना 80 ते 125 टक्क्यांच्या मर्यादेत बसावी लागते. ‘म्हणजे जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालते’ असे अनेक जण, कधी डॉक्टरही, सांगतात. ते चुकीचे आहे. ही मर्यादा सरासरीला नसून मोजमापातल्या अनिश्चिततेसकट संपूर्ण पट्ट्याला लागते. अमेरिकेच्या एफडीएने 1996 ते 2007 या काळातील 2070 चाचण्या तपासल्या, तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

तरीही हळू सुटणाऱ्या गोळ्यांत चूक होते, कारण बनवायला अवघड असते ते घड्याळ. नैराश्यावरील ब्युप्रोपिऑनच्या 300 मिलिग्रॅमच्या एका जेनेरिकला अमेरिकेत 2006 मध्ये मंजुरी मिळाली, तीही 150 मिलिग्रॅमच्या गोळीवरील चाचणीच्या आधारे. रुग्णांनी तक्रारी केल्या, त्या बराच काळ मनाचे खेळ ठरल्या. एफडीएने स्वतः चाचणी घेतली, तेव्हा ती गोळी मूळ औषधाशी जुळली नाही आणि ऑक्टोबर 2012 मध्ये बाजारातून गेली. आपल्याकडचेही उदाहरण आहे. 2014 मध्ये वोक्हार्टने अमेरिकेतून मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या एक लाखाहून अधिक बाटल्या परत बोलावल्या. हृदयरोग्यांची ही हळू सुटणारी गोळी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यातल्या कारखान्यात बनली होती आणि विरघळण्याच्या चाचणीत नापास झाली होती.

कायदा याबाबत ढिला नाही. 2019 च्या नियमांनुसार औषधाचे हळू सुटणारे रूप कायम ‘नवे औषध’ मानले जाते, म्हणजे त्याला केंद्राची परवानगी लागते. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे देण्यास दुकानदाराला मनाई आहे. मात्र कोणती गोळी कोणाच्या बरोबरीची, हे अमेरिकेत ‘ऑरेंज बुक’मध्ये कुणालाही पाहता येते, आपल्याकडे रुग्णाने किंवा गावच्या डॉक्टरने उघडून पाहावी अशी अधिकृत यादी नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावेच लिहिण्याचा आग्रह धरला आणि तीन आठवड्यांत तो नियम स्थगित केला. भांडण नावावर झाले. चाचण्यांचे निकाल उघडे करा, ही मागणी त्या गदारोळात मागेच पडली. सरकारने जनऔषधी केंद्रांतल्या एसआर गोळ्यांपासून जरी सुरुवात केली, तरी स्वस्त औषधावरचा अर्धा संशय फिटेल.

तोवर स्वस्त गोळी जरूर घ्यावी, पण एकदा मानवलेली कंपनी दर महिन्याला बदलू नये. बदलावी लागलीच तर डॉक्टरला कळवून पुढचे काही दिवस साखर किंवा बीपी तपासावे. फिटच्या गोळ्यांबाबत तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बदल नकोच. एसआर गोळी चावू किंवा कुटू नये, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम सुटते. मध्ये रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण तेही विचारूनच. सुट्या गोळ्या घेताना कापलेल्या तुकड्यावर नाव, ती दोन अक्षरे आणि मुदत राहिली आहे ना, हे दुकानातच पाहावे. नव्या पट्टीनंतर त्रास झाला, तर औषध दुष्परिणाम नोंदवण्याचा केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे. त्यासाठी रिकामी पट्टी फेकू नये, कारण तक्रारीत बॅच क्रमांक विचारला जातो.