आश्रयगृहांतील कुत्रें घरीं आणण्यापूर्वीं

पैसे मोजून जातिवंत पिलूं आणण्यापेक्षां आश्रयगृहांतील एखादें टाकलेलें कुत्रें घरीं न्यावें, हा विचार सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे रुजूं लागला आहे. गोष्ट आनंदाची आहे. मुक्या जनावरांसाठीं संस्था काढण्याची चाल आपल्याकडे कांहीं आजची नव्हे. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ सालचें असून आजहि तें चालूं आहे.

मात्र अशा संस्थांत येणारीं सारींच कुत्रीं रस्त्यावरचीं नसतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कित्येकांच्या मानेवर जुन्या पट्ट्याचा वळ असतो. कोणाची बदली होते, कोणाच्या घरीं पाळणा हलतो, आणि कालपर्यंत गादीवर निजणारें जनावर संस्थेच्या फाटकाशीं बांधून मंडळी निघून जातात. याहून वाईट म्हणजे, येथून नेलेलेंच कुत्रें दोन महिन्यांनीं परत आणणारेहि असतात. असें कां व्हावें?

आमच्या मतें याचें मूळ निर्दयपणांत क्वचितच असतें. तें घरांतल्या अव्यवस्थेंत असतें. दहा माणसांच्या घरांत कुत्रें सर्वांचें, म्हणूनच कोणाचेंहि नसतें. मुलें हट्ट धरतात, पुरुष मंडळी कौतुकानें रुकार देतात, आणि पावसाळ्यांतल्या पहाटे त्याला बाहेर नेण्याचें काम थोरल्या सुनेच्या गळ्यांत पडतें. तिला मात्र आधीं कोणीं विचारलेलें नसतें! आजींच्या देवघराची व सोंवळ्याची गोष्टहि जनावर उंबऱ्याच्या आंत आल्यावरच निघते. हीं बोलणीं आधीं व्हावींत. कुत्र्यानें कोठवर यावें, रात्रीं कोठें निजावें, मे महिन्यांत सगळे गांवीं गेले तर त्याच्याजवळ कोण राहील, हें ठरवून एका प्रौढ व्यक्तीचें नांव पक्कें करावें. कुत्रें बारा-तेरा वर्षें जगतें. आज पांचवींत असणारा चिरंजीव तोंवर कॉलेज संपवून नोकरीला लागलेला असेल.

घरीं आल्यावर पहिले कांहीं दिवस तें खाटेखालीं दडून बसेल, अन्नाला तोंडहि लावणार नाहीं. त्याला ओढून बाहेर काढूं नये व शेजारचीं मुलें पाहावयास बोलावूं नयेत. पाण्याचें भांडें जवळ ठेवून निमूटपणें वाट पाहावी. सणाच्या दिवशीं लाडानें शिऱ्यांतला बेदाणा किंवा कांद्याची भजी मुळींच देऊं नये. बेदाणा, कांदा व लसूण हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत.

रेबीजची लस दरवर्षीं टोचून घ्यावी. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे तो जवळजवळ असाध्यच. २०२३ च्या सरकारी नियमांनीं लस, जंतांचें औषध व नसबंदी यांची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. घरच्या कुत्र्याचा दांत लागला तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद-चुना भरून बसूं नये.

इतकें करूनहि कधीं खरोखरच इलाज चालत नाहीं. अशा वेळीं रात्रीं मोटारींतून नेऊन गांवाबाहेर सोडण्याचा विचार मनांत आणूं नये. सबळ कारणावांचून, उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. घरच्या कर्त्या माणसानें स्वतः त्याला त्याच संस्थेंत घेऊन जावें. लस टोचल्याचे कागद बरोबर न्यावेत, आणि तें काय खातें, कशाला भितें, कोणत्या हांकेला ओळख देतें, हें तेथील मंडळींना लिहून द्यावें.